पोरांच्या छातीतली गाठ

लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं. पण वळसंगातली बरीच तरणी पोरं हे पेज वाचतात, म्हणून लिहितोच.

मे महिन्यात भाचा सुट्टीला आला. वय १५. सगळी पोरं विहिरीत उड्या मारतायत आणि हा टी-शर्ट घालून काठावर. "पाणी गार आहे मामा," म्हणे. मे महिन्यात, सोलापुरात!

मला लगेच कळलं. चौदाव्या वर्षी मीही बनियन घालूनच पोहायचो. उजव्या स्तनाग्राखाली सुपारीएवढी गाठ होती, शर्ट घासला तरी दुखायची. कुणाला बोललो नाही. कॅन्सरच झालाय असं धरून दीड वर्ष काढलं, रात्र रात्र झोप नाही. मग ती आपोआप जिरली.

भाच्याला सोलापूरला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छाती, काख आणि अंडकोषही तपासले. पोरगं लाजून लाल. पण तिथली गाठही कधीकधी हार्मोन बिघडवते, म्हणून बघावं लागतं. बाकी हे वयात येतानाचंच निघालं. स्तनाग्राच्या बरोबर खाली रबरासारखी चकती, हात लावला की दुखते. याला गायनेकोमास्टिया म्हणतात. लई पोरांना होतं आणि सहा महिने ते दोन वर्षांत बहुतेकांचं जातं. बाम चोळायचा नाही, सारखं दाबून बघायचं नाही.

डॉक्टरांनी अजून एक विचारलं, "जिमला जातोस का? इंजेक्शन, गोळ्या?" भाचा नाही जात, पण आपल्याकडं जाणारे आहेत की! स्टेरॉईडचं शरीरात इस्ट्रोजेन बनतं. छाती कमवायला जायचं आणि भलतीच छाती यायची. काही साध्या औषधांनीही होतं, पण ती मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

थांबायचं कधी नाही? गाठ कडक आहे, न दुखता वाढतेय, स्तनाग्राच्या बाजूला आहे, रक्त किंवा पाणी येतंय, कातडी आत ओढलीय, काखेत गाठ लागतेय, तर लगेच दाखवा. वयात येऊन झाल्यावर नवी गाठ आली तरी दाखवा. स्तनाच्या कॅन्सरच्या शंभरात साधारण एक रुग्ण पुरुष असतो, बहुतेक साठीच्या पुढचा. म्हणजे हे वडिलांनाही सांगा. कॅन्सरचं हॉस्पिटल आपल्याच जिल्ह्यात, बार्शीत आहे.

शाळेत मुलींना वेगळ्या वर्गात नेऊन सांगायचे, आम्हाला मैदानावर सोडायचे. सरकारचा किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून आहे, १० ते १९ वयाच्या मुलांसाठीही आहे. आपल्या शाळेत मुलग्यांशी यावर कुणी बोलतं का? शाळा समितीत जे आहेत त्यांनी इथंच कमेंटमध्ये सांगावं.

भाच्याला विचारूनच लिहिलंय. "माझं नाव टाकू नको फक्त," म्हणाला.