काळजातलं चुंबक

"रक्तात लोखंड असतंय न्हवं? मग छातीला चुंबक लावलं तर रक्त ओढलं जातंय काय?"

बाबांनी हा प्रश्न ईसीजीच्या टेबलावर पडल्या पडल्या विचारला. हातापायांना चिमटे, छातीवर रबरी कप, आणि डोळे छताकडे. चाळीस वर्षं त्यांनी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या फौंड्रीत मोल्डिंग केलं. रेतीत सांडलेले लोखंडाचे कण चुंबकानं वेचायचे, हे त्यांचं रोजचं काम. त्यामुळे प्रश्न त्यांच्या हातातून आलेला होता. ईसीजी काढणारी मुलगी म्हणाली, "काका, बोलू नका, रेघ हलते." ठोके मधूनच चुकत होते. गोळ्या सुरू झाल्या, बाबा घरी आले, पण तो प्रश्न माझ्यासोबत आला तो आलाच.

मी भाषा शिकवणारी बाई. भौतिकशास्त्र दहावीनंतर सुटलेलं. बाबांना नीट उत्तर द्यायचं, एवढ्यासाठी वाचायला बसले आणि पहिल्याच रात्री थक्क झाले. लायनस पाउलिंग आणि चार्ल्स कोरिएल या दोघांनी 1936 साली नेमकं हेच तपासलं होतं! प्राणवायू घेतलेलं रक्त चुंबकाकडे ओढलं तर जात नाहीच, उलट अगदी किंचित दूर सारलं जातं. रक्तातलं प्राणवायू सोडलेलं हिमोग्लोबिन मात्र किंचित ओढलं जातं. दोन्ही परिणाम इतके नाजूक की माणूस एमआरआयच्या प्रचंड चुंबकात अर्धा तास पडून राहिला तरी रक्ताचं वाहणं अडत नाही. रक्तातलं लोह म्हणजे लोखंडाचे कण नव्हेत. हिमोग्लोबिनच्या रेणूत एकेकटा बांधलेला तो अणू आहे.

उत्तर मिळालं होतं. थांबायला हरकत नव्हती. पण त्याच रात्री पुढचं वाक्य वाचलं आणि मी खुर्चीतून उठूनच उभी राहिले. रक्त चुंबकीय नाही, पण हृदयाला स्वतःचं चुंबकीय क्षेत्र आहे!

प्रत्येक ठोक्याला हृदयाच्या पेशींमधून सोडियम, कॅल्शियम, पोटॅशियमचे विद्युतभारित कण आत-बाहेर करतात. म्हणजे वीज वाहते. आणि जिथं वीज वाहते तिथं चुंबकीय क्षेत्र तयार होतंच, हा निसर्गाचा नियम आहे. 1963 साली अमेरिकेत गेरहार्ड बाउले आणि रिचर्ड मॅकफी यांनी तारेचे लाखो वेढे घातलेली गुंडाळी छातीसमोर धरून हे क्षेत्र पहिल्यांदा पकडलं. छातीला स्पर्शही न करता! पुढे 1970च्या सुमारास डेव्हिड कोहेन यांनी एमआयटीत बाहेरचं चुंबकत्व अडवणारी खोली बांधली आणि अतिशीत उपकरणानं हृदयाची स्वच्छ चुंबकीय रेघ मिळवली. आपल्या देशात कल्पक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रात अशी खोली आणि अशी यंत्रणा उभी आहे.

आणि ईसीजी? विलेम आइंटहोवन यांचं यंत्र म्हणजे एका बलदंड चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ताणलेला, चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्झचा धागा होता. रुग्णाचे हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवायचे. हृदयाची वीज धाग्यातून गेली की चुंबक त्याला हलवायचं, आणि ती थरथर म्हणजेच काळजाची रेघ. या कामासाठी त्यांना 1924चं नोबेल मिळालं. बाबांच्या कागदावर उमटलेली ती वाकडीतिकडी रेघ मुळात चुंबकाच्या पोटी जन्मलेली आहे, हे मला चाळिशीत कळलं.

मी सकाळी चहाच्या वेळी हे सगळं एका दमात सांगितलं. बाबांनी कप खाली ठेवला. "म्हंजे काळीज पण चुंबकच की!"

संध्याकाळी आम्ही रंकाळा तळ्यावर गेलो. मोबाईलमध्ये होकायंत्रासाठी एक छोटा चुंबकमापक असतो. तो आकड्यात दाखवणारं मोफत अ‍ॅप मी उतरवून घेतलं होतं. कट्ट्यावर फोन ठेवला. आकडा 42 मायक्रोटेस्लाच्या आसपास स्थिरावला. ही होती कोल्हापूरची पृथ्वी! बाबांनी फोन शेजारच्या मोटरसायकलच्या इंजिनाजवळ नेला, आकडा उसळला. परत कट्ट्यावर आणला, पुन्हा 42च्या घरात. लहान मुलासारखे ते दहा वेळा हेच करत राहिले. हृदयाचं क्षेत्र याच्या दहा लाखाव्या भागाएवढं. त्या अफाट क्षेत्रात बुडालेलं एवढंसं काळीज दिवसाला सुमारे एक लाख वेळा आपलं क्षेत्र उभं करतं आणि मोडतं.

"पर पृथ्वीच्या पोटात एवढं चुंबक आलं कुठनं?" मी सांगितलं, सुमारे 2900 किलोमीटर खोलीवर वितळलेल्या लोखंडाचा महासागर आहे. बाबा लगेच म्हणाले, "तापलेलं लोखंड चुंबक धरत न्हाई. लालभडक झालं की चुंबक सोडून देतंय." फौंड्रीतल्या माणसाला हे पुस्तकाशिवाय माहीत! खरंच, 770 अंशांच्या पुढे लोखंड आपलं चुंबकत्व सोडतं. म्हणूनच पृथ्वीच्या पोटात दगडासारखं निजलेलं चुंबक नाही. तिथं लोखंडाचा रस खळाळतो, पृथ्वीबरोबर फिरतो, त्यातून वीज वाहते, आणि त्या विजेतून क्षेत्र उभं राहतं. काळजाचंही तेच, धरणीचंही तेच! दोघांचं चुंबकत्व लोखंडाच्या तुकड्यामुळे नाही, वाहण्यामुळे आहे. मी आयुष्यात इतकी सुंदर गोष्ट क्वचित ऐकली असेल.

मग मी या क्षेत्राच्या मागेच लागले, आणि कळलं की ते मोजण्याची जगातली एक जुनी आणि मोलाची परंपरा आपल्या महाराष्ट्रात आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत 1841पासून चुंबकीय नोंदी सुरू झाल्या. 1859च्या सप्टेंबरात सूर्यावर भयानक स्फोट झाला. जगभरच्या तारयंत्रांत ठिणग्या उडाल्या. त्यानं उठलेल्या चुंबकीय वादळाची मोलाची नोंद कुलाब्याच्या वहीत आहे. क्षेत्र सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी कोसळलं होतं. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर सुया बिघडणार हे ओळखून वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी 1904 साली अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभारली. चुंबकाला ओढणारा धातू त्या इमारतीत चालणार नव्हता, म्हणून पोरबंदरचा दगड, तांबं, पितळ वापरलं. "लोखंडाचा खिळासुद्धा न्हाई?" बाबा हे तीनदा विचारून गेले. आज हे काम भारतीय भूचुंबकत्व संस्था पाहते. याच संस्थेचं वरच्या वातावरणातले वारे टिपणारं रडार आपल्या शिवाजी विद्यापीठाच्या आवारात आहे. त्या रस्त्यानं मी वर्षानुवर्षं गेले आणि कधी मान वळवली नाही!

आता मूळ गोष्टीकडे येते. पृथ्वीच्या क्षेत्रात वादळ उठलं तर हृदयाला कळतं का? हा प्रश्न शास्त्रज्ञ गंभीरपणे विचारत आहेत. युरोप आणि ऑस्ट्रेलेशियातल्या 11,453 पक्षाघाताच्या रुग्णांचा अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. भूचुंबकीय वादळाच्या दिवसांत पक्षाघाताचा धोका सुमारे 19 टक्क्यांनी जास्त आढळला. 2019 साली हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या 263 शहरांतले मृत्यू तपासले, तिथंही चुंबकीय खळबळ आणि हृदयविकाराचे मृत्यू यांचा संबंध दिसला. बॉस्टन परिसरातल्या वयस्क पुरुषांमध्ये अशा काळात दोन ठोक्यांमधल्या अंतराचा निरोगी लवचीकपणा घटलेला आढळला. हृदयाची लय सांभाळणाऱ्या स्वायत्त मज्जासंस्थेवर परिणाम होत असावा, असा तर्क आहे. हे संबंध आकडेवारीतले आहेत. वादळामुळेच झटका आला, असं यातून सिद्ध होत नाही. ज्या वादळात मे 2024 मध्ये लडाखच्या हानलेतून आकाश तांबडं दिसलं, तेही पृथ्वीचं क्षेत्र साधारण एखाद्या टक्क्यानं हलवून गेलं. एवढ्याशा हेलकाव्याचा काळजाशी धागा जुळत असेल तर तो कसा, हे शोधणं किती रोमांचक आहे!

नोव्हेंबरात आम्ही किरणोत्सवाला अंबाबाईच्या देवळात गेलो. मावळतीचं ऊन महाद्वारातून आत शिरतं, गाभाऱ्यापर्यंत येतं, आणि गर्दी श्वास धरून उभी राहते. सूर्य पंधरा कोटी किलोमीटरवर. तिथून निघालेला किरण सव्वाआठ मिनिटांत देवीच्या पायांशी. सूर्यानं फेकलेला विद्युतभारित कणांचा लोट मात्र साधारण एक ते तीन दिवसांनी पोचतो, आणि वितळलेल्या लोखंडानं उभं केलेलं क्षेत्र त्याला आपल्यापासून बराचसा दूर वळवतं. आपलं आदित्य-एल1 यान जानेवारी 2024पासून वाटेतच उभं राहून हे सगळं मोजतं आहे. शेजारी बाबा हात जोडून उभे होते. त्या ओळखीच्या किरणाकडे मी पहिल्यांदाच असं पाहिलं. घंटा वाजली तेव्हा माझे डोळे भरून आले होते.

आता कळकळीची विनंती. बाजारात चुंबकाच्या गाद्या, कडी, पट्टे मिळतात. रक्तातलं लोह चुंबकानं हलत नाही हे आता तुम्हाला माहीत आहे, तेव्हा त्यांच्या भरवशावर हृदयाची गोळी बंद करू नका. पेसमेकर बसवलेला असेल तर मोबाईल छातीच्या खिशात ठेवू नका आणि जोरदार चुंबकांपासून लांब राहा, कारण छातीवर आलेलं चुंबक पेसमेकरचं काम बदलू शकतं. छातीत दुखलं, डावा हात भरून आला, दरदरून घाम फुटला, तर सूर्याचं काय चाललंय हे बघत बसू नका, त्याच मिनिटाला दवाखाना गाठा. पन्नाशी ओलांडलेल्या आई-वडिलांना एकदा हृदयाच्या तपासणीला न्या. आणि तो कागद हातात आला की त्यावरच्या रेघेकडे मिनिटभर नीट बघा. पायाखाली खोलवर लोखंडाचा रस वाहतो आहे आणि छातीत वीज वाहते आहे. वाहतं आहे तोवर दोन्हीकडे चुंबक आहे.