लेहच्या वाटेवर, सायकलने

मनाली ते लेह सायकलने जायचं ठरलं. रस्ता बहुतेक डांबरी, म्हणून हे निर्धास्त. मी विचारलं, "डाळ कुठे शिजणार?" हसू नका हं, मैत्रिणींनो! दारचा सोडलं की रुमत्सेपर्यंत कायमचं गाव नाही. सरचू, पांगला उन्हाळ्यापुरते तंबू. एवढ्या उंचीवर पाणी शंभर अंशांच्या बरंच आधी उकळतं, कुकरशिवाय डाळ कच्चीच राहते. म्हणून सातूचं पीठ, मेतकूट, गूळ बांधून घेतलं.

खरा वाद झाला तारखांवरून. तांगलांग ला खिंड ५,३२८ मीटरवर! डोकं दुखू लागलं तर पुढे चढायचं नाही, थांबूनही वाढलं तर खाली उतरायचं. आणि ह्यांनी परतीचं तिकीट आधीच काढलेलं! ते बदलून आणल्याशिवाय मी पिशवी भरली नाही. दोन दिवस मोकळे मिळाले. एक केलाँगला, दुसरा वाटेत लागेल तिथे.