गॅरेजमध्ये ज्यांची गाडी ठीक असते, त्यांना

ब्रेकची दुरुस्ती करून करून थकलेल्या गाडीमालकांनो,



मी तुम्हाला ओळखत नाही, पण गॅरेजमधून गाडी परत आणताना तुम्ही ती कशी चालवता ते मला माहीत आहे. फाटकाबाहेर पडल्या पडल्या मोकळ्या रस्त्यावर तुम्ही दोनदा ब्रेक दाबून बघता. पुढच्या गाडीपासून इतकं अंतर ठेवता की मागचे हॉर्न वाजवून हैराण करतात. मुलांना शाळेतून आणायला रिक्षा लावता आणि घरी कारण दुसरंच सांगता. बिल भरून झालेलं असतं, जॉब कार्डावर ‘ट्रायल घेतली, ब्रेक ओके’ असा शेरा असतो, पण तुमचा उजवा पाय त्या शेऱ्यावर विश्वास ठेवायला तयार नसतो.

त्या पायाचं ऐका, एवढंच सांगायला हे पत्र लिहिते आहे.

आमच्या गाडीचे ब्रेक पहिल्यांदा गेले ते पसरणीच्या घाटात. महाबळेश्वरचं लग्न आटोपून वाईला परतत होतो. गाडी मी चालवत होते, शेजारी सासूबाई, मागे हे आणि धाकटा. पाचगणी सोडून चार-पाच वळणं उतरलो असू. पेडल दाबलं तर ते सरळ खाली जाऊन फळीला टेकलं. चिखलात पाय रुतावा तसं. भराभर तीन-चारदा दाबल्यावर थोडा दाब आला. गिअर दुसऱ्यावर, मग पहिल्यावर आणला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि गाडी डोंगराच्या कडेला कशीबशी थांबवली. चाकांतून जळका वास येत होता. सासूबाई ओरडल्या नाहीत की काही बोलल्या नाहीत. नुसता माझा हात धरून बसून राहिल्या.

अर्ध्या तासाने पेडल पुन्हा घट्ट! जणू काही झालंच नव्हतं. त्याच गाडीने आम्ही हळूहळू वाईला आलो. तसं यायला नको होतं, हे आज कळतं.

सर्व्हिस सेंटरने पुढचे ब्रेक पॅड बदलले. दीड महिन्याने पुण्याहून येताना खंबाटकी घाट उतरून सुरूर फाट्याला वळायच्या बेतात असताना पुन्हा तेच झालं. या वेळी डिस्क बदलल्या, ब्रेक ऑइल बदललं, चारही चाकांची एअर काढली. तिसऱ्यांदा परत पसरणीत, तेव्हा गाडी हे चालवत होते. मग मास्टर सिलिंडर नवा बसवला आणि आम्ही सुटकेचा निःश्वास सोडला, कारण त्याहून मोठा भाग आता बदलायला उरलाच नाही असं वाटत होतं. तीन आठवड्यांनी चौथी वेळ आली. पाच महिन्यांत 31,600 रुपये गेले. दर वेळी गाडी गॅरेजात पोचली की शहाण्या मुलासारखी वागायची. त्यांनी स्कॅनर लावला, त्यात काही आलं नाही. सल्लागार मुलाने तर अदबीने विचारलं, “मॅडम, घाटात तुम्ही सारखा ब्रेकवर पाय ठेवून तर चालवत नाही ना?”

हा प्रश्न चुकीचा नाही. उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला तर ब्रेक तापतातच. पण तो मला विचारला गेला तेव्हा घरातही सगळ्यांची नजर माझ्याकडे वळली, आणि काही दिवस मलाही वाटत राहिलं की दोष माझ्या पायात आहे. तुमच्यापैकी कितीतरी जणांना, विशेषतः बायकांना, हे ऐकून घ्यावं लागलं असणार. हे चालवत असताना तिसऱ्यांदा ब्रेक गेले तेव्हा मला भीतीच्या आधी हायसं वाटलं. चार माणसांच्या जिवावर बेतलेलं असताना मला हायसं वाटावं, याची लाज मला अजून वाटते.

आता हे असं का होतं ते समजून घेऊ. ब्रेकच्या नळ्यांतलं ऑइल दाबलं जात नाही, म्हणून पायाचा दाब थेट चाकापर्यंत पोचतो. पण हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, आणि पाणी शिरलं की ते कमी तापमानाला उकळतं. डॉट 4 प्रतीचं ऑइल कोरं असताना किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत टिकायला हवं. त्यात 3.7 टक्के पाणी मिसळलं की ही मर्यादा 155 अंशांवर येते. डॉट 3 मध्ये तीच 205 वरून 140 वर येते. ऑइल उकळलं की वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. तुमचा पाय ती वाफ दाबत बसतो, चाकाला काहीच पोचत नाही. थंड झालं की वाफेचं पुन्हा ऑइल होतं आणि पेडल घट्ट लागतं.

म्हणजे अशा गाडीचा दोष उष्णतेत राहतो, आणि गॅरेजात ती थंड होऊन पोचते. फिटर ती सपाट रस्त्यावर एक किलोमीटर फिरवून आणतो. त्याच्यामागे आणखी आठ गाड्या उभ्या असतात. तो खोटं बोलत नाही. त्याला दोष खरंच दिसत नाही. दोष दिसत नसला तरी गाडी बाहेर काढायची असते, म्हणून तो एखादा भाग बदलतो. आपण बिलावर नव्या भागाचं नाव वाचतो आणि दुरुस्ती झाली असं धरून चालतो. तुमच्याकडेही ब्रेकच्या चार-पाच पावत्या जमल्या असतील तर त्यातल्या एकीवर तरी कारण लिहिलंय का बघा. भागांची नावं असतील, किमती असतील. पॅड जळाले हे परिणामाचं वर्णन झालं. पॅड कशामुळे जळाले, हे आमच्या एकाही पावतीवर नव्हतं.

आमचं कारण सापडलं ते वाईतल्या एका मिस्त्रींना. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी विचारलं, “ताई, ब्रेक जायच्या आधी पेडल कसं लागत होतं?” पाच महिन्यांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी आठवून सांगितलं की त्याआधी ते उलट फार वर आणि कडक लागायचं, गाडी जड वाटायची, पेट्रोलही जास्त जायला लागलं होतं. ते माझ्याबरोबर गाडीत बसले. पंचवीस मिनिटं फिरवल्यावर गाडी उभी करून त्यांनी प्रत्येक चाकाजवळ हात नेला. पुढची दोन्ही चाकं धगधगत होती, तीही ब्रेक फारसा न वापरता. जॅक लावून बघितलं तर चाक हाताने फिरेना. मग मास्टर सिलिंडर ज्या दोन नटांनी बूस्टरला, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाला, बसवलेला असतो ते त्यांनी थोडे ढिले केले, आणि चाक मोकळं झालं.

पाय उचलला की ऑइल परत टाकीत जायला मास्टर सिलिंडरमध्ये एक बारीक छिद्र असतं. बूस्टरमधून येणारा रॉड मिलिमीटरभर जरी लांब असला तरी ते छिद्र पुरतं उघडत नाही. ऑइल तापून फुगतं, त्याला परत जायला वाट नसते, मग ब्रेक आपोआप लागायला लागतात, त्याने आणखी तापतं आणि शेवटी उकळतं. दोन वर्षांपूर्वी आमचा बूस्टर बदलला होता, तेव्हा रॉडचं माप कुणी जुळवलं नव्हतं. पॅड बदलून, डिस्क बदलून, नवा मास्टर सिलिंडर बसवूनही तो रॉड तसाच होता. त्या दिवशी त्यांनी फक्त माप जुळवलं आणि उकळून गेलेलं ऑइल बदललं.

जुना मिस्त्री शहाणा आणि कंपनीचं सेंटर अडाणी, असा अर्थ यातून काढू नका. कोल्हापूरच्या माझ्या मावसभावाच्या गाडीची गत नेमकी उलटी होती. ओळखीच्या मिस्त्रीने पायाने पेडल मारून मारून सहा वेळा एअर काढली, तरी पेडल मऊच लागायचं. हवा एबीएसच्या युनिटमध्ये अडकली होती. तिथली हवा काढायला बऱ्याच गाड्यांत स्कॅनर जोडून आतले वॉल्व्ह उघडझाप करावे लागतात. ते सेंटरमध्येच झालं. एप्रिल 2019 पासून आपल्याकडच्या सगळ्या नव्या मोटारींत एबीएस असतं, तेव्हा हा प्रकार आता घरोघरी आहे. मिस्त्री आणि सेंटर दोघांकडेही एकच बघायचं : तो तुमचं ऐकतोय का, आणि दोष स्वतः अनुभवल्याशिवाय भाग बदलायला निघालाय का.

म्हणून तुमचं सांगणं नेमकं असू द्या. ‘ब्रेक लागत नाहीत’ एवढ्यावर कुणाला काही शोधता येत नाही. पेडल स्पंजासारखं मऊ लागतं, की सिग्नलला दाबून ठेवल्यावर हळूहळू खाली बसत जातं? बसत जात असेल आणि बाहेर थेंबही गळत नसेल, तर मास्टर सिलिंडरच्या आतला रबर गेलेला असू शकतो. पेडल लाकडासारखं कडक होऊन गाडी थांबत नसेल तर बूस्टर किंवा त्याचा व्हॅक्यूमचा पाइप बघायला हवा. पहिल्यांदा दाबल्यावर खोल जातं आणि लगेच दुसऱ्यांदा वर येतं, असं असेल तर मागच्या ड्रमचं ॲडजस्टमेंट सुटलेलं असेल, नाहीतर चाकाच्या बेअरिंगला प्ले असेल. गाडी किती वेळ चालली होती, चढ होता की उतार, पाऊस होता का, कुठल्या चाकाला वास आला, हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. आणि फिटरला शेजारी बसवून, दोष दिसेपर्यंत मोकळ्या सपाट रस्त्यावर अगदी कमी वेगात फिरवा. घाटात मात्र पुन्हा नेऊन बघू नका. चाकं तापलेली दिसण्यासाठी घाट लागत नाही.

उतारावरची आणखी एक चूक सांगते. पुण्याच्या नवले पुलाजवळचा उतार तुमच्यापैकी अनेकांच्या रोजच्या रस्त्यावर असेल. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री तिथे एका ट्रकने कित्येक गाड्यांना ठोकरलं. आधी ‘ब्रेक फेल’ अशी बातमी आली आणि नंतर तपासात पोलिसांनी सांगितलं की चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं. इंजिन बंद केलं की ब्रेकला मिळणारी मदत संपत जाते. मोटारीच्या बूस्टरमध्ये एक-दोनदा दाबण्यापुरताच व्हॅक्यूम उरतो. पेट्रोल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करणारी, किल्ली फिरवणारी माणसं माझ्याही नात्यात आहेत. ज्यांच्या ब्रेकचा आधीच भरवसा नाही त्यांनी तरी हे करू नका, मी हात जोडून सांगते.

आता कागदपत्रांचं. जॉब कार्डावर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. गॅरेजवाले ‘ब्रेक चेक करणे’ एवढंच लिहितात. ‘उतारावर पेडल पूर्ण खाली गेलं, चौथी वेळ’ असं लिहायला लावा आणि त्याखालीच सही करा. काढलेला जुना भाग मागून घ्या. सदोष सेवेबद्दल 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. दिलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्ह्यातच, आणि 5 लाखांपर्यंत शुल्कही पडत नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे, आणि ‘अजून एकदा बघू’ असं म्हणता म्हणता ती सरते. 1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. मोटार वाहन कायद्यातल्या 110-अ कलमाखाली 1 एप्रिल 2021 पासून सरकार सदोष गाड्या कंपनीला परत बोलवायला लावू शकतं. गाडी सात वर्षांच्या आतली असेल आणि त्याच मॉडेलच्या पुरेशा मालकांनी तक्रारी नोंदवल्या असतील तर. आपल्याकडे प्रत्येक जण आपल्या गॅरेजशी एकेकटा भांडतो, त्यामुळे त्या तक्रारी एका जागी जमतच नाहीत.

कॅलिफोर्नियाच्या कायद्यात नव्या गाडीच्या पहिल्या 18 महिन्यांत किंवा 18,000 मैलांत, जिवावर बेतू शकणारा दोष दोन प्रयत्नांत दुरुस्त झाला नाही, तर गाडीच सदोष आहे असं गृहीत धरता येतं. आपल्या कायद्यात असा आकडा नाही. तो असायला हवा. आम्ही चार वेळा गेलो. चार वेळा आमच्याकडून पैसे घेतले आणि चार वेळा गाडी ठीक आहे असं सांगून सासूबाईंना तिच्यात बसवायला परत दिली. तिसऱ्या खेपेला ‘दोष सापडला नाही, गाडी चालवू नका’ एवढं लिहून देण्याचं बंधन गॅरेजवर असतं, तर चौथी वेळ आलीच नसती.

एक शेवटचं आणि सगळ्यात अवघड. चौथ्यांदा ब्रेक गेल्यावर आम्ही गाडी विकायचं ठरवलं होतं. फोटोही काढले. साताऱ्याहून एक जोडपं बघायला आलं, तिच्या कडेवर दहा महिन्यांचं बाळ होतं. गाडी थंड होती, पेडल घट्ट होतं, त्यांना आवडली. हे गप्प होते, मीही गप्प होते. सासूबाई आतून पाणी घेऊन आल्या आणि त्या मुलीला म्हणाल्या, “बाळे, हिचे ब्रेक घाटात जातात. घेऊ नकोस.” ती दोघं पाणी पिऊन गेली. दुसऱ्या दिवशी आम्ही त्या मिस्त्रींकडे गेलो.

गाडी अजून आमच्याकडेच आहे. पसरणी उतरून वाईच्या अलीकडे आलो की सासूबाई अजूनही थांबायला लावतात. मी उतरते, चारही चाकांजवळ हात नेऊन बघते आणि त्यांना खिडकीतून सांगते, “आई, कोमट आहेत. सगळी सारखीच.” मग त्या म्हणतात, “चल.”

तुमच्यासारखीच,
एक गाडीमालक, वाई