डी अक्षराची प्रोसेस

लिनक्सवर एखादा प्रोग्रॅम अडकला की बहुतेकांचा हात थेट पॉवरच्या बटणावर जातो. तो हात थांबवणं हे माझं पहिलं काम. मशीन बंद झालं की नेमकं काय अडलं होतं, ते बघायची सोय उरत नाही. त्याऐवजी कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबावं, मजकुराच्या पडद्यावर लॉगिन करावं आणि 'टॉप' चालवावं.

तिथे प्रत्येक प्रोसेससमोर तिच्या अवस्थेचं अक्षर असतं. आर म्हणजे प्रोसेसरवर काम चालू आहे किंवा पाळीत आहे, एस म्हणजे कशाची तरी वाट बघणं चालू आहे. सावध व्हायचं ते डी दिसल्यावर. या प्रोसेसने कर्नलकडे काम सोपवलेलं असतं, बहुधा डिस्कचं, आणि उत्तर येईपर्यंत ती कुणाचंच ऐकत नाही. 'किल -९' दिलं तरी ते तोवर ताटकळतं.

एका छापखान्यातलं मशीन बघायला गेलो होतो. जुन्या पुस्तकाची फाइल उघडली की लिब्रेऑफिस करडं पडायचं. "सर, काढून परत टाकलं, तरी तेच," ऑपरेटर ताई म्हणाल्या. टॉपमध्ये लोड अ‍ॅव्हरेज चढलेलं, प्रोसेसर मात्र रिकामा, आणि 'डब्ल्यूए'चा, म्हणजे डिस्कची वाट बघण्यात गेलेल्या वेळेचा, आकडा नव्वदीत. हे विसंगत वाटतं, पण लिनक्स लोड मोजताना डी अवस्थेतल्या प्रोसेसही धरतो. म्हणजे काम नव्हे, खोळंबा वाढला होता. कर्नलच्या लॉगमध्ये डिस्कच्या वाचनाच्या चुका ओळीने आल्या होत्या. 'स्मार्टसीटीएल'ने 'करंट पेंडिंग सेक्टर' दाखवले, म्हणजे डिस्कला वाचता न येणारे, निकाल न लागलेले तुकडे. साधी हार्ड डिस्क असा तुकडा पुन्हापुन्हा वाचू पाहते. लिनक्स एका आज्ञेला सहसा ३० सेकंदांची मुदत देतो आणि मग जोडणी रीसेट करतो. तेवढा वेळ लिब्रेऑफिस डीमध्ये.

मेमरी संपल्यामुळे होणारा खोळंबा वेगळा. ४ जीबीच्या मशीनवर ब्राउझरचे भरमसाट टॅब उघडले की कर्नल मेमरीची पानं डिस्कवरच्या स्वॅपमध्ये टाकत आणि परत आणत बसतो, माउससुद्धा अडखळतो. मेमरी संपली की एखादी प्रोसेस मारणारा कर्नलचा ओओएम किलर इथे फार उशिरा जागा होतो, ही माझी जुनी तक्रार. २०१८ च्या ४.२० कर्नलमध्ये प्रोसेस किती वेळ खोळंबल्या हे मोजणारी 'प्रेशर स्टॉल' माहिती आली. तिच्या आधारे 'सिस्टमडी-ओओएमडी' वेळेत एखादा प्रोग्रॅम बंद करतो. फेडोरा ३४ पासून तो मुळातच चालू असतो. जुन्या मशीनवर तो असायलाच हवा.

छापखान्यात मात्र डिस्क दुरुस्त करायचा कुठलाही प्रयोग करू दिला नाही. मरत्या डिस्कवर 'एफएससीके' चालवणं म्हणजे तिच्यावर आणखी लिहिणं. दुसऱ्या डिस्कवरून मशीन सुरू केलं आणि 'डीडीरेस्क्यू'ने नक्कल घेतली. तो सहज वाचता येणारा भाग आधी उचलतो, अवघड जागा नंतर. लिब्रेऑफिसला हात लावायची वेळच आली नाही.