जिथे वाकतंय, तिथे हात लावायचा नाही

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात शेतांच्या कडेने एक काटेरी झाड जागोजागी दिसतं. नाव ओसेज ऑरेंज, पण संत्र्याशी त्याचं काही नातं नाही. ते फणस, वड आणि तुतीच्या कुळातलं. फांदी तोडली की फणसासारखा चीक येतो, आणि आतलं लाकूडही फणसासारखंच पिवळंधमक. काटेरी तार यायच्या आधी, एकोणिसाव्या शतकात, शेतकऱ्यांनी ही झाडं कुंपण म्हणून ओळीने लावली. त्याच्या कितीतरी आधीपासून इथले मूलनिवासी या लाकडाची धनुष्यं करत. फ्रेंच लोकांनी तर त्याचं नावच 'बोआ दार्क' ठेवलं, म्हणजे धनुष्याचं लाकूड.

नोकरीसाठी इथे आल्यावर दुसऱ्या हिवाळ्यात मी शेजारच्या एका निवृत्त शेतकऱ्याकडे धनुष्य करायला शिकले. साल आणि तिच्याखालचं पांढरं लाकूड काढून टाकायचं आणि आतलं एकच वार्षिक वलय टोकापासून टोकापर्यंत अखंड राखायचं. ती धनुष्याची पाठ. ती नेमबाजाच्या समोरच्या बाजूला असते. नेमबाजाकडे असतं ते पोट. धनुष्य ओढलं की पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं.

खरं काम त्यानंतर सुरू होतं. त्याला टिलरिंग म्हणतात. ताठ काठीला सगळीकडून सारखं वाकायला शिकवायचं, एवढंच. धनुष्य भिंतीवरच्या खुंटीवर आडवं ठेवायचं, दोरी कप्पीतून घ्यायची, दहा पावलं मागे जाऊन हळूहळू ओढायची आणि वाक बघायचा. जिथे ताठ दिसेल तिथे पोटाकडून थोडं खरवडायचं. खरवडून झालं की हलक्या हाताने तीसेक वेळा ओढायचं, कारण केलेला बदल लाकडात दिसायला वेळ लागतो. मग पुन्हा बघायचं.

काढलेलं लाकूड परत लावता येत नाही, म्हणून हे सगळं सावकाश. त्यामागे साधं गणित आहे. ताठपणा जाडीच्या घनावर अवलंबून असतो. जाडी 10 टक्के कमी केली की त्या जागेचा ताठपणा जवळजवळ 27 टक्के उतरतो. डोळ्यांना मात्र फरक दिसत नाही. तो वाकल्यावरच दिसतो.

माझ्या धनुष्याची डावी भुजा मुठीपासून वीतभर अंतरावर बिजागरीसारखी मुडपत होती. तिथे वरून पट्टी चिकटवावी का, असं मी विचारलं. आजोबांनी पेन्सिलने तिथे फुली मारली. म्हणाले, "आता इथे हात लावायचा नाही. ही जागा दुरुस्त करायची नसते. आजूबाजूचं वाकत नाही, म्हणून सगळा भार हिच्यावर आलाय. त्यांना वाकायला लाव."

त्याच हिवाळ्यात सांगलीत आजीचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण आजी अंथरुणातून उठली नाही. चार महिन्यांनी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आजीपेक्षा आईचीच चर्चा जास्त होऊ लागली. आई फार खचली. आई चिडचिड करते. आईने बी-ट्वेल्व्ह तपासून घ्यावं. आत्याने प्राणायामाचा व्हिडिओ पाठवला, काकांनी च्यवनप्राश. सगळ्यांचा जीव होता तिच्यावर. आणि सगळे पट्टी चिकटवत होते.

मी बाबांना फोन करून एकच काम सांगितलं, दिवसभरात आजीचं काय काय करावं लागतं आणि ते कोण करतं, हे लिहून पाठवा. त्यांनी कॅलेंडरच्या पानामागे लिहून फोटो पाठवला. 21 कामं होती. 18 समोर 'सौ.' लिहिलेलं. रात्री दर दोन तासांनी कूस बदलणं, तेही 'सौ.' कागदाखाली बाबांनी स्वतःहून एक ओळ जोडली होती : रात्रीचं मी करू शकतो.

टिलरिंगमध्ये एक किंमत मोजावी लागते. मुडपणारी जागा वाचवायची तर बाकीचं सगळं खरवडावं लागतं, आणि धनुष्याचं एकूण बळ उतरतं. माझं धनुष्य 45 पौंडांचं व्हायचं होतं, ते 38 वर आलं. घराचंही तेच झालं. बाबांचं पहाटेचं फिरणं बंद झालं. काका महिन्यातले चार दिवस पुण्याहून येऊ लागले, त्यावरून काकूंची नाराजी झाली. दिवसा मदतीला मावशी ठेवल्या, त्यांचा पगार आत्याने आणि मी वाटून घेतला. मी डिसेंबरला घरी जाणार होते, ते मेवर गेलं.

आणि आईला हे पटकन रुचलं, असंही नाही. पहिले पंधरा दिवस ती रात्री दोनला उठून दारात उभी राहायची. बाबा उशी नीट लावत नाहीत, म्हणायची. बाबा तरी लावत राहिले.

लाकडाचं पोट एकदा जास्त दाबलं गेलं की आतले तंतू चेपतात आणि ते पूर्ववत होत नाहीत. दोरी उतरवली तरी माझ्या धनुष्याची डावी भुजा किंचित वाकलेली राहते. आजोबा म्हणाले, हे आता असंच राहणार, पण बाण नीट जातो ना? जातो. आईची पाठही तशीच राहिली आहे, वाकून उठताना तिला कडेची खुर्ची धरावी लागते. डॉक्टर म्हणाले, याच्यासोबतच राहायला शिका.

गेल्या रविवारी माझी सकाळ आणि त्यांची रात्र असताना फोन लावला. बाबांनी उचलला. स्क्रीनवर नुसता अंधार, मागे आजीचं खोकणं. ते कुजबुजत म्हणाले, "झोपली आहे ती. साडेनवालाच. उद्या बोल."