नळीतील तांबे

तांबे ह्या धातूशी आमचा परिचय देवघरात झाला. ताम्हण, पळी आणि पंचपात्री चिंचेने घासून लख्ख करणे हे लहानपणी आमच्याकडे सोपविलेले काम होते, आणि ते आम्ही बहुधा अर्धवटच टाकीत असू. पुढे रसायनशास्त्राची अध्यापकी पत्करल्यावर त्याच धातूविषयी आम्ही तीस वर्षे विद्यार्थ्यांपुढे अधिकारवाणीने बोललो. तथापि तांब्याने आमची खरी फजिती केली ती अध्यापकी सुटल्यावर, आणि तीही देवघरात किंवा प्रयोगशाळेत नव्हे, तर एका जुन्या रायफलीच्या नळीत.

आमचे आजोळ नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यात. आम्ही सुट्टीत तेथे जात असू तेव्हा तो सारा मुलूख धुळे जिल्ह्यात मोडे. नंदुरबार निराळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. उत्तरेस सातपुड्याची निळी रांग, दक्षिणेस तापी, आणि मधल्या काळ्या जमिनीत कापूस, ऊस व केळी. गोमाई नदी प्रकाशा येथे तापीस मिळते. तेथेच मामांच्या अस्थी विसर्जित करून आम्ही घरी परतलो, आणि ओट्यावरील खुंटीस टांगलेल्या त्या रायफलीकडे साऱ्यांचे एकदमच लक्ष गेले. मामा होते तोवर ती कोणास दिसत नसे, असे म्हटले तरी चालेल. घरातील घड्याळ चालू असते तेव्हा त्याची टिकटिक जशी ऐकू येत नाही, तसे.

रायफल .३१५ बोअरची, कलकत्त्याजवळील ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बनलेली. लष्कराची .३०३ ची काडतुसे नागरिकांच्या हाती जाऊ नयेत म्हणून इंग्रज सरकारने ते माप सामान्य परवानेदारांस वर्ज्य केले होते. त्यातून हे निराळे माप रूढ झाले आणि स्वातंत्र्यानंतरही टिकले. मामांनी ती पिकांच्या राखणीसाठी म्हणून घेतली होती. रानडुकरांचा कळप एका रात्रीत उसाच्या फडाची काय दशा करतो हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस ह्या कारणाचे नवल वाटणार नाही. मामांच्या पश्चात रीतसर अर्ज वगैरे होऊन परवाना मामेभावाच्या नावे झाला. परंतु त्यास बंदुकीची हौस नाही. त्याने ती विकावयाचे ठरविले. परवानेदार व्यापाऱ्याने नळीत बारीक दिवा सोडून पाहिले आणि तोंड वाकडे केले. "आत तांबं बसलंय. अशीच राहिली तर लोखंडाच्या भावानं जाईल," असे त्याचे मत पडले. मामेभावाने आम्हांस फोन केला. "दादा, तुम्ही आयुष्यभर तांबंच शिकवलंत ना?" हा त्याचा युक्तिवाद बिनतोड होता.

नळीत तांबे येते कोठून, हे येथे थोडे सांगितले पाहिजे. ठासणीच्या बंदुकीत शिशाची गोळी असे, आणि काळ्या दारूच्या वेगास शिसे पुरत असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बिनधुराची दारू आली आणि गोळीचा वेग इतका वाढला की मऊ शिसे नळीतील पिळदार खाचांत टिकेना. ते ओरखडून निघे. स्वित्झर्लंडमधील रुबिन ह्या लष्करी अधिकाऱ्याने त्यापूर्वीच, १८८२ च्या सुमारास, शिशाच्या गोळीस तांब्याचे आवरण चढविले होते, आणि आजतागायत जगातील बहुतेक रायफलींच्या गोळ्या असे आवरण लेवूनच निघतात. गोळी नळीतून जाताना ह्या आवरणाचा अतिसूक्ष्म अंश मागे ठेवून जाते. नवी, गुळगुळीत नळी असेल तर फारसे बिघडत नाही. परंतु जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाल्यावर त्याचा मिठाच्या जातीचा क्षार नळीत उरे, तो हवेतील ओल शोषून घेई आणि पोलादास बारीक खड्डे पाडी. म्हणूनच पूर्वीचे शिपाई बार काढल्यावर नळीतून उकळते पाणी ओतीत; तेलाने मीठ विरघळत नाही हे त्यांस अनुभवाने कळले होते. असे खड्डे पडलेल्या नळीत तांबे अधिक अडकते, त्यावर दारूची काजळी बसते, तीवर पुन्हा तांबे. आणि त्या पुटांखाली गंज निवांतपणे आपले काम करीत राहतो.

देवघरातील तांब्याची विद्या येथे उपयोगी पडत नाही. चिंचेतील आम्लाने भांड्यावरचा काळपट थर जातो, तांबे जागच्या जागी राहते; नळीत तर तांबेच काढावयाचे असते, आणि आम्ल घातले तर पोलाद मात्र गंजू लागते. म्हणून अमोनिया असलेले द्रव वापरतात. अमोनिया आणि हवेतील प्राणवायू मिळून तांबे विरघळवितात, पोलादास फारसे शिवत नाहीत, आणि विरघळलेले तांबे चिंधीवर गर्द निळ्या रंगाने उतरते. बाटलीचे बूच काढताच आम्हांस आमच्या लहानपणचा कल्हईवाला आठवला. तापलेल्या पातेल्यात तो नवसागराची पूड टाकी तेव्हा उठणाऱ्या धुराने नाकात अशीच झिणझिणी येत असे.

ओट्यावर दोन पाटांच्या आधाराने रायफल आडवी ठेविली. मामेभावाने बोल्ट काढून ठेविला, नळी व काडतुसाचे घर रिकामे असल्याची दोनदा खात्री करून घेतली. गजाच्या टोकास द्रवात भिजविलेली चिंधी लावून ती मागच्या बाजूने आत सारावयाची. पुढच्या तोंडाने नव्हे, कारण तेथील कड गजाने झिजली की गोळीचा नेम कायमचा बिघडतो. मग थोडे थांबावयाचे, आणि कोरडी चिंधी सारून पाहावयाचे. पहिल्या चिंध्या काळ्याकुट्ट निघाल्या, ती काजळी. नंतरची निळी. त्यापुढची अधिक निळी.

आता जी गोष्ट सांगावयाची ती आम्ही त्या वेळी ओट्यावर कोणास सांगितली नाही. मामा नेहमी म्हणत, की आयुष्यात त्यांनी ह्या रायफलीतून दोनच बार काढले, आणि ते दोन्ही डुकरांवर. घरात हे वाक्य इतके रुळले होते की त्यात खोटेपणा असू शकेल असे कोणाच्या मनात येत नसे. आमच्या मनात मात्र १९७२ चा उन्हाळा होता. आम्ही तेव्हा आठ वर्षांचे होतो.

त्या दिवसांत शहादा-तळोदा भागात काय घडत होते हे पुढे आम्ही पुस्तकांत वाचले. कर्जापोटी आणि कागदांच्या हेराफेरीत भिल्लांच्या जमिनी दुसऱ्यांच्या हाती गेल्या होत्या, आणि त्याच जमिनींवर ते सालदार म्हणून राबत होते. १९७१ च्या मे महिन्यात तालुक्यातील पाटीलवाडी येथे आदिवासींवर गोळी चालली. पुढल्या जानेवारीत शहाद्यास भूमुक्ती मेळावा भरला. त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंती ह्या भिल्ल कार्यकर्त्याचे नाव गावोगाव झाले. बागायतदारांच्या घरी तेच नाव दबक्या आवाजात घेतले जाई. आमच्या आजोळी चार सालदार होते, आणि पीक-राखणी हा शब्द त्या वर्षी केवळ डुकरांपुरता राहिला नव्हता. एके रात्री ओट्यावर पाचसहा मंडळी जमली, मामांनी खुंटीवरची रायफल काढली, आणि सारे कंदील घेऊन बाहेर पडले. आईने आम्हांस आत ओढून घेतले. पहाटे मामा परतले ते कोणाशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आईने सुट्टी आटोपती घेतली. आम्ही आवाज ऐकला होता की नाही, हे आज पन्नासाहून अधिक वर्षांनी आम्हांस शपथेवर सांगता यावयाचे नाही. कधी वाटते ऐकला. कधी वाटते, तो पुढे वाचलेल्या पुस्तकातून आमच्या कानात शिरला असावा.

हे सारे मनात असता चिंध्या निळ्या निघत राहिल्या. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. काजळी केव्हाच संपली होती, निळा रंग संपेना. दोन बारांचे तांबे ते केवढे, आणि ते चार दिवस कसे पुरावे? आम्ही मनाशी हिशेब मांडू लागलो. परवान्यावर काडतुसांच्या खरेदीची नोंद होत असते खरी. परंतु त्या काळचे पुस्तक कधीच कचेरीत जमा झालेले. नळी हाच काय तो पुरावा उरला होता, आणि ती आमच्यासमोर साक्ष देत होती. भांड्यावरच्या हिरव्या काटास आपण कळंक म्हणतो, आणि माणसाच्या नावास लागणाऱ्या डागासही तोच शब्द लावितो. ह्या योगायोगावर आम्ही त्या चार दिवसांत नको इतका विचार केला. सहाव्या दिवशी तर आमचा निकाल लिहून तयार होता. ज्या मामांनी आम्हांस खांद्यावर बसवून गोमाईच्या पुरातून नेले, ते आयुष्यभर एक खोटे वाक्य बोलत आले होते. आणि हे मामेभावास सांगावे की आपल्यापाशीच ठेवावे, एवढाच प्रश्न शिल्लक होता.

मामी रोज दुपारी ओट्यावर येऊन बसत. वय चौऱ्याऐंशी, डोळ्यांस कमी दिसते, परंतु निळा रंग दिसण्याइतके दिसते. आमच्या हातून चिंध्यांची गणती चालली आहे हे त्यांनी ताडले होते की काय, कोण जाणे. त्या दिवशी त्यांनी गज हातात घेतला, त्याच्या टोकावर नखाने खरवडून पाहिले, आणि म्हणाल्या, "हे टोक पितळेचं नाही का रे?"

आम्ही गजाकडे पाहिले. टोक पितळेचेच होते.

"मग तुझं औषध ह्यालाच खात नसेल कशावरून? पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं तर ते कळकतंच की."

वाचकहो, पितळ म्हणजे तांबे आणि जस्त, हे आम्ही दरवर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात फळ्यावर लिहीत आलो होतो. आम्ही एक कोरी चिंधी द्रवात भिजविली, गजाच्या टोकास गुंडाळली आणि बशीत ठेवून दिली. चहा होईपर्यंत ती निळी झाली. नळीत तिचा प्रवेशही झाला नव्हता! सहा दिवस आम्ही मामांचा पुरावा म्हणून जे गोळा करीत होतो, त्यात आमच्या गजाचे तांबे किती आणि नळीचे किती, हे आता कोण सांगणार?

सातव्या दिवशी आम्ही गज बाजूस ठेविला, नायलॉनच्या दोरीस चिंधी बांधली आणि ती मागून पुढे ओढून काढली. पहिली चिंधी फिकट निळी, दुसरी जेमतेम, तिसरी पांढरी. मामेभाऊ खूश झाला. आमच्या मनात पहिल्याने मोठा दिलासा आला, आणि तो फार वेळ टिकला नाही. नळी आता स्वच्छ होती, कारण सहा दिवस आम्हीच ती घासली होती. त्यापूर्वी तीत दोन बारांचे तांबे होते की वीसांचे, हे कळण्याचा मार्ग शोधता शोधता आम्हीच तो पुसून टाकला होता. आणि वीसांचे असते तरी काय? तांब्यास वर्ष सांगता येत नाही, आणि गोळी कोणत्या दिशेस गेली हे तर नाहीच नाही.

संध्याकाळी जुने सालदार मामींच्या चौकशीस आले. ते मामांहून चार वर्षांनी लहान. चाळीस वर्षे ह्या घरी राबले, आता मुलाच्या शेतावर असतात. संघटनेच्या खटपटीतून परत मिळालेल्या जमिनीचा तो तुकडा आहे, हे त्यांनीच आम्हांस मागे एकदा सांगितले होते. पाटांवर आडवी पडलेली रायफल पाहून ते पायरीवर थबकले, मग बसले. त्यांस विचारावयाचे की नाही ह्याचा विचार आम्ही बराच वेळ केला, आणि अखेर मामी आत गेल्यावर विचारलेच. म्हटले, "बाबा, मामांनी ही कधी उडवली होती का? त्या वर्षी?"

कोणते वर्ष, असे त्यांनी विचारले नाही. तंबाखू मळत ते म्हणाले, "उडवायची गरज काय होती, भाऊ? इथं खुंटीला टांगलेली राहायची. मजुरी मागायला यायचो तेव्हा तिच्याखालीच उभं राहावं लागे."

एवढे बोलून त्यांनी तंबाखू तोंडात टाकली आणि मामेभावास ह्या वर्षीच्या कापसाचा भाव विचारला. मामींनी आतून चहा पाठविला. आम्ही नळीस तेलाचा शेवटचा हात दिला, मामेभावाने बोल्ट बसवून रायफल खोळीत घातली आणि कपाटात ठेवून कुलूप लाविले. व्यापारी पुढल्या आठवड्यात यावयाचा होता. खुंटी तेवढी ओट्यावर राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो तेव्हा मामींनी तीवर भाजीची धुतलेली पिशवी वाळत घातली होती.