एक दार बंद, एक उघडे

२००८ साली घेतलेला एक छोटा लॅपटॉप अजून माझ्या टेबलावर आहे. त्याचा प्रोसेसर ३२-बिटचा. माझा पहिला प्रोग्रॅम मी त्यावरच लिहिला. डेबियन या मुक्त प्रणालीच्या आधाराने तो आजवर तग धरून होता. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियनची तेरावी आवृत्ती आली आणि अशा यंत्रांसाठीचा कर्नल व इन्स्टॉलर तिने देणे थांबवले. मला वाईट वाटले.

परंतु त्याच आवृत्तीत रिस्क-फाइव्ह या प्रोसेसर-रचनेला प्रथमच अधिकृत स्थान मिळाले. २०१० मध्ये बर्कली येथे सुरू झालेल्या या खुल्या रचनेवरच आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ हे भारतीय प्रोसेसर उभे आहेत. माझ्यासारखे जुने संगणक मी अनेक घरांत पाहिले आहेत. रिस्क-फाइव्हचा संगणक अजून एकाही घरात पाहिलेला नाही. म्हणजे केवळ वापरणाऱ्यांची संख्या हा निकष नव्हता. मग कोणता होता?

एखाद्या हार्डवेअरला आधार देणे म्हणजे एकदा कोड लिहून मोकळे होणे नव्हे. पुढचा प्रत्येक बदल त्या यंत्रावर तपासावा लागतो, कंपायलर जिवंत ठेवावा लागतो. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स लिहिले ते इंटेल ३८६ वर. २०१२ मध्ये त्याच ३८६ चा आधार कर्नलमधून काढण्यात आला, कारण त्याच्या मर्यादांपायी नवा कोड गुंतागुंतीचा होत होता. २०२३ मध्ये इटॅनियमही गेला. त्याचा सांभाळ करणारे उरले नव्हते.

निकष हाच असेल, तर तो पूर्ण न्याय्य नाही. ज्यामागे संस्था आणि पैसा आहे ते यंत्र जगेल, गरीब विद्यार्थ्याच्या हातातले मरेल. शिवाय दुर्मीळ हार्डवेअर हे केवळ ओझे नसते. बाइटांचा क्रम उलटा असलेल्या यंत्रावर तोच प्रोग्रॅम चालवला, की आपण नकळत धरलेली गृहीतके उघडी पडतात आणि दोष सापडतात.

तरीही स्वयंसेवकाच्या वेळेवर आपला हक्क नाही. माझ्या मते प्रकल्पांनी आधार काढण्याआधी पुरेशी मुदत द्यावी आणि कोणी भार उचलायला पुढे आला तर दार उघडे ठेवावे. भार मात्र आपणच उचलायला हवा. ‘शक्ती’ची बातमी आपण अभिमानाने पुढे पाठवतो, पण भारतीय प्रोसेसर टिकेल तो त्यावर रोज सॉफ्टवेअर तपासणाऱ्यांमुळे.

इतकी वर्षे मुक्त प्रणाली वापरून मी एकही दोष-अहवाल पाठवला नव्हता, हे मला तो कर्नल बंद झाल्यावर उमगले. गेल्या महिन्यात पहिला पाठवला. विद्यार्थी मित्रांनो, तुमचा पहिला अहवाल कोणत्या यंत्रासाठी असेल?